आमच्या घरातलं इंग्लंड

नव्वदच्या दशकात पाथर्डी फाट्याजवळ आम्ही फ्लॅट घेतला, तेव्हा त्यात एक खोली जास्तीची होती. बिल्डरला तिचं काय करावं ते सुचलं नसावं, म्हणून नकाशात त्याने तिथे ‘स्टडी’ असं लिहून टाकलं होतं. आमच्या घरात स्टडी करणारं कोणी नव्हतं. सासूबाई आणि मुलगी एका खोलीत, आम्ही दोघं दुसऱ्या खोलीत आणि ही तिसरी छोटी खोली माझी, असं किल्ली हातात आली त्याच दिवशी ठरलं. ठरलं म्हणजे मी तसं म्हणाले आणि नवरा ‘बरं’ म्हणाला. त्याच्या ‘बरं’चा अर्थ ‘ऐकू आलं’ एवढाच असतो, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

मला त्या खोलीत काय करायचं होतं? काहीही नाही. खरंच काही नाही. मी तेव्हा विंचूरच्या एका बँकेच्या शाखेत काउंटरवर बसायचे. कांद्याचा लिलाव झाला की अख्खा बाजार काउंटरवर ओणवा व्हायचा. ‘ताई, आमचं बघा ना आधी, बाहेर ट्रॅक्टर उभा हाय.’ संध्याकाळी परतीच्या एसटीत शेजारची बाई तिच्या सुनेबद्दल सांगायची. घरी पाऊल टाकलं की कुकर बोलायला लागायचा. मला लावून घेता येईल असं एक दार हवं होतं आणि पडून छताकडे बघता येईल अशी एक कॉट. पण असलं काही घरात सांगता येत नाही. शिवणकाम करायचंय, पेटी शिकायचीय, पोथी वाचायचीय म्हटलं असतं, तर सगळ्यांनी कौतुकाने खोली झाडून दिली असती. बाई नुसतं पडायचं म्हणाली की विचारतात, बरं वाटत नाहीये का?

मी कॉट बघायला जाणार होते त्याच महिन्यात नवऱ्याचा मावसभाऊ इंग्लंडहून आला आणि मुलीसाठी आगगाडीचा सेट घेऊन आला. छोटं हिरवं इंजिन, दोन डबे, गोल रूळ. मुलीने गाडी दोनदा फिरलेली पाहिली आणि ती परत बाहुलीकडे वळली. नवरा काही वळला नाही. तो रात्री जेवायला उठला तोच मुळी डोळ्यांत काहीतरी वेगळं घेऊन. दुसऱ्या दिवशी सातपूरच्या कारखान्यातून येताना त्याने प्लायवूडचा मोठा तुकडा आणला आणि माझ्या खोलीत ठेवला. ‘फक्त रविवारपुरतं गं,’ तो म्हणाला. तो रविवार दहा-बारा वर्षं चालला.

मग मासिकं आली. देवळाली कॅम्पातल्या एका रद्दीच्या दुकानात त्याला छोट्या रेल्वेची जुनी इंग्रजी मासिकं सापडली. गुळगुळीत कागद, कडेला वाळवीची नक्षी. तो ती अशा भक्तीने वाचायचा की सासूबाईंना सुरुवातीला वाटलं, पोरगा प्रमोशनची परीक्षा देतोय. मी एकदा सगळी चाळून पाहिली. प्रत्येक अंकात स्वेटर घातलेले, टक्कल पडलेले गोरे गृहस्थ आपापल्या माळ्यावर उभे राहून गाडीकडे बघून हसत होते. एकाही फोटोत बायको नव्हती. कुठल्यातरी खोलीत दार लावून पडली असेल, असं माझ्या मनात आलं आणि मला तिचा हेवा वाटला.

त्या मासिकांनी नवऱ्याला प्रमाणाचा आजार जडवला. जगातली प्रत्येक वस्तू त्या इंजिनाच्या प्रमाणात बसते की नाही हे तो बघू लागला. घोसाळ्याच्या जाळीचे तुकडे हिरवे रंगवून त्याने झाडं केली. लाकडाच्या भुशात रांगोळीचा हिरवा रंग कालवून कुरण केलं. माझ्या कानातल्याचा एक मोती स्टेशनवरचा दिवा झाला. दुसरा माझ्याजवळ उरला, तो एकटा कशाच्या उपयोगाचा ते मला कळेना. चर्च, पूल, नदी, मेंढ्या सगळं झालं. मी एकदा म्हटलं, ‘अहो, आपल्याकडच्या घोटी-इगतपुरीचा घाट करा की. बोगदे आहेत, धबधबे आहेत, बघायला जाता येतं.’ त्याने माझ्याकडे दयेने पाहिलं. ‘अगं, हे इंजिन तिकडे कधी धावलंच नाही.’ नवऱ्याचं पारपत्रसुद्धा नव्हतं, पण इंजिनाचा मान राखायला हवा होता.

त्या इंग्लंडावरून मी त्याला आयुष्यभर बोलले असेन, पण खरी मजा आणली ती खडीने. रुळांखाली खडी हवी, असं मासिकात होतं, आणि तीसुद्धा प्रमाणात. बांधकामावरची बारीक कच त्याला धोंड्यांसारखी वाटली. वाळू फार बारीक. रवा पांढरा. मग एक दिवस स्वयंपाकघरात डबे उघडता उघडता त्याच्या हाती नागली, म्हणजे नाचणी, लागली. त्याच्या कारखान्यातला सुरगाण्याचा एक सहकारी दरवर्षी पीक निघालं की सासूबाईंसाठी नागली आणून द्यायचा. गोल, तपकिरी, एकसारखा दाणा. नवऱ्याने मूठभर घेऊन खिडकीपाशी नेली, भिंग लावलं आणि असा काही सुस्कारा सोडला की तसा लग्नात मला बघूनही सोडला नव्हता. डबा रिकामा झाला. मासिकात सांगितल्याप्रमाणे त्याने दाणे रुळांत पसरले, पातळ केलेला डिंक थेंबाथेंबाने सोडला आणि वरून पाणी फवारून ओलं फडकं अंथरलं, सगळं नीट मुरावं म्हणून.

दिवस श्रावणातले. फडकं काढलं तेव्हा इंग्लंडच्या रेल्वेला मोड आले होते. स्टेशनपासून चर्चपर्यंत पांढरेशुभ्र, टवटवीत मोड. नवरा भिंतीला टेकून उभा राहिला. सासूबाई आल्या, चष्मा लावून वाकल्या आणि म्हणाल्या, ‘छान आलेत रे. डिंक नसता लावलास तर नातीला सत्त्व केलं असतं.’ मी इतकी हसले की मला खाली बसावं लागलं. नवरा आठवडाभर माझ्याशी बोलला नाही. तेवढीच शांतता मिळाली म्हणा.

मोड उपटून झाले तरी गाडी सरळ चालेना. चर्चपाशी एक वळण होतं, तिथे इंजिन आलं की थांबायचं आणि नुसतं गुरगुरायचं. आधी धूळ झाली. आजूबाजूला नव्या इमारती उठत होत्या, त्यांचं सिमेंट रुळांवर येऊन बसायचं. ते पुसायला माझं नेलपॉलिश काढायचं औषध संपलं. मग मासिकात वाचलं की इंजिनाच्या आसाला तेलाचा एक थेंब द्यावा. त्याने शिलाई मशीनचं तेल आसाला दिलं आणि उदार मनाने रुळांनाही दिलं, त्यामुळे चाकं जागच्या जागी गरगर फिरायला लागली. नंतर बोगद्यात पाल राहायला आली. नवऱ्याला पालीची भीती. त्या खोलीत एरवी मला कोणी बोलावत नसे, पण इंग्लंडातली पाल हाकलायची वेळ आली की केरसुणी घेऊन मीच. पुढे भारनियमन सुरू झालं, तेव्हा मात्र आमच्या रेल्वेला पहिल्यांदा वेळापत्रक मिळालं. वीज असेल तेव्हा गाडी, नसेल तेव्हा नवरा मेणबत्तीच्या उजेडात मेंढ्या रंगवायचा.

आणि या सगळ्या वर्षांत कोणी दार वाजवलं, फोन केला, गॅसवाला आला, तरी सासूबाईंचं एकच उत्तर. आतून भोंग्याचा पीप-पीप आवाज येत असायचा आणि त्या दारात उभ्या राहून गंभीरपणे सांगायच्या, ‘तो कामात आहे.’ मी विंचूरहून कांद्याचा वास अंगावर घेऊन आलेली असायचे, हातात पिशव्या, आणि हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरायचं. मला सोफ्यावर जरा पाय लांब करून बसलेलं पाहिलं, तर ‘दमलीस का?’ असं विचारायच्या. प्रेमानेच विचारायच्या. पण दमल्याशिवाय बसायचं नसतं, हे त्यात आलंच.

सगळ्यात वाईट दिवस गौरींचा. आमच्याकडे गौर घरात आणतात तेव्हा तिला सगळं घर फिरवून दाखवतात. मुखवटा सुनेच्या हातात, मागे ताट वाजवणाऱ्या बायका, जमिनीवर कुंकवाची पावलं. प्रत्येक खोलीच्या दारात सासूबाई विचारायच्या, ‘इथे काय आहे?’ आणि मी म्हणायचं, ‘उदंड आहे.’ स्वयंपाकघर, कपाटाची खोली, देवघराचा कोनाडा, सगळीकडे तेच. मग आम्ही त्या खोलीच्या दारात यायचो. सासूबाई विचारायच्या, ‘इथे काय आहे?’ आणि मी तोंड उघडायच्या आत मागून नवरा म्हणायचा, ‘इंग्लंड.’ बायका हसायच्या. मी दात-ओठ खात म्हणायचे, ‘उदंड आहे.’ एका वर्षी आत नेऊन दाखवताना माझ्या पदराने चर्च पाडलं. नवऱ्याला मी ते मुद्दाम केलं असं वाटलं, आणि त्याचा गैरसमज दूर करायला मी अजिबात गेले नाही.

असंच आयुष्य जायचं. पण एका वर्षी गणपतीच्या आधी आमच्या कॉलनीच्या मंडळाची पोरं घरी आली. वर्गणी घेताना त्यांना आतली गाडी दिसली. ‘काका, हे तुमच्याकडे आहे आणि आम्ही दरवर्षी थर्माकोलच्या गुहा करत बसतो? यंदा बाप्पाभोवती गाडी फिरवायची. लय भारी देखावा होईल.’ नवरा आधी आढेवेढे घेऊ लागला. धूळ, गर्दी, प्रमाण. मी चहा घेऊन आले आणि म्हणाले, ‘द्या हो. इतकी वर्षं केलंत, लोकांनी बघायला नको?’ दहा वर्षांत मी त्या गाडीबद्दल काढलेला तो पहिला चांगला शब्द. नवरा विरघळला.

नेण्याच्या दिवशी लक्षात आलं की ते दारातून बाहेर निघत नाही. आडवं नाही, उभं नाही, तिरकं नाही. एका प्लायवूडला दुसरं जोडत, आत उभं राहून बांधलेलं ते. ते कधी बाहेर काढावं लागेल हा विचार त्या खोलीत कधी शिरलाच नव्हता. मंडळाचा सुतार म्हणाला, ‘मधून कापावं लागेल, काका.’ नवरा गॅलरीत जाऊन पाठमोरा उभा राहिला. इंग्लंड नदीवर कापलं. करवत चालू असताना मी टॉर्च धरला होता, आणि माझा हात जराही हलला नाही.

दोन तुकडे जिन्यावरून खाली गेले. खोली झाडली तेव्हा चार बाटल्या डिंक, एक मेंढी आणि माझा दुसरा मोती निघाला, जो माझ्याजवळ आहे असं मी समजत होते. नवरा म्हणाला, ‘विसर्जन झालं की परत कुठे कसं लावायचं ते बघू.’ मी म्हणाले, ‘बरं.’

त्याच संध्याकाळी मी कॉट आणली. साधी, लोखंडी. खोलीत ती एकटी ठेवली. दुसरं काही ठेवलं नाही. सासूबाई दारात आल्या, आत येऊन कॉटच्या कडेला बसल्या, वर पंख्याकडे पाहिलं. ‘इथे काय करणार?’ त्यांनी विचारलं.

‘काही नाही,’ मी म्हणाले. इतक्या वर्षांत हे पहिल्यांदाच मोठ्याने म्हटलं, आणि आता पुढचा प्रश्न तब्येतीचा येणार म्हणून मी कंबर कसली.

त्यांनी पाय कॉटवर घेतले. या घरात यायच्या आधीपासून, चाळीस वर्षं स्वयंपाकघरात उभी असलेली बाई ती. मग म्हणाल्या, ‘दाराला आतून कडी आहे ना?’

मांडवात नवऱ्याची चांदी झाली. पोरांनी चर्चच्या टोकाला भगवा झेंडा लावून त्याचं देवीचं देऊळ केलं, मेंढ्यांशेजारी प्लॅस्टिकचा उंदीर बसवला आणि मालडब्यात मोदक ठेवला. मोदक स्टेशनपेक्षा मोठा होता. पहिल्या दिवशी नवरा हे सगळं बघून रडकुंडीला आला. दुसऱ्या दिवशी रांगेतली माणसं टाळ्या वाजवायला लागली तेव्हा त्याने प्रमाणाचं नाव काढणं सोडलं. गाडी त्याच वळणावर थांबायची, आणि तो पडद्यामागून बोट घालून ती ढकलायचा. लोकांना वाटायचं, देखाव्यात तसंच आहे.

गौरी आल्या त्या संध्याकाळी नवरा मांडवात होता. मुखवटा माझ्या हातात, मागे ताट. स्वयंपाकघर झालं, कपाट झालं, देवघर झालं. मग आम्ही त्या खोलीच्या दारात आलो. आत एक कॉट, चार भिंती, खिडकीतून येणारा मांडवातल्या स्पीकरचा आवाज. शेजारच्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. गौरीला रिकामी खोली दाखवायची नसते.

सासूबाईंनी विचारलं, ‘इथे काय आहे?’

‘उदंड आहे,’ मी म्हणाले, आणि इतक्या जोरात म्हणाले की ताट वाजवणारी थांबली.

गौरी जागेवर बसल्या. दुसऱ्या दिवशीच्या पुरणाची डाळ भिजायची होती, सोळा भाज्या निवडायच्या होत्या, पाटीभर मेथी ओट्यावर पडली होती. मी हात धुतले, खोलीत गेले आणि आतून कडी लावली. छत पांढरं होतं. एका कोपऱ्यात बिल्डरने रंगाचा हात कमी दिला होता, ते मला इतक्या वर्षांनी दिसलं.

जरा वेळाने जिन्यावर धावत पावलं आली. मग दारावर टकटक. ‘अगं, तुझा चिमटा कुठंय? गाडी देवळापाशी अडकलीये, पन्नास माणसं उभी आहेत!’

मी उठले नाही. बाहेर मेथीच्या काड्या मोडल्याचा आवाज थांबला, आणि सासूबाई आपल्या मुलाला म्हणाल्या, ‘दार वाजवू नकोस. ती कामात आहे.’