दाजीनं फोडलेले स्पीकर

नेरच्या बाजारात माझी कापसाची गाडी रिकामी होत होती. दारव्ह्याच्या बसमधून ओळखीचा एक माणूस उतरला आणि लांबूनच ओरडला, "अरे बापू, तुह्या दाजीले बैलानं फाडलं!" माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला तो "शाबास!" खोटं कशाला सांगू? आजूबाजूच्या गाडीवानांनी तो ऐकलाही. दाजीला जाऊन आता काही आठवडे झालेत. वर्तमानपत्राच्या पुरवणीत, गेलेल्या माणसाबद्दल गोड गोड लिहायचा रिवाज आहे, पण ते मला साधायचं नाही. दाजीला मी तोंडावर 'अहो' म्हणायचो, मनात कधीच म्हटलं नाही. इथंही म्हणणार नाही.

दौलतराव माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा. बहिणीला आम्ही सगळे बाई म्हणतो. घर दारव्ह्यात, शेत गावाबाहेर, आणि हात सदा उगारलेला. बैलाला मारी, गड्याला मारी, कुंपणात शिरलेल्या दुसऱ्याच्या म्हशीला मारी. एकदा बाजारात दलालानं रुमालाखाली हात धरून बोटांनी कापसाचा भाव सांगितला. तो पटला नाही, म्हणून दाजीनं रुमालाखालीच त्याचं बोट मोडलं. दलाल बोंबलत उठला तेव्हा कुठं लोकांना कळलं की आत काय झालं! दाजी मात्र रुमाल झटकून, घडी घालून खांद्यावर टाकत म्हणाला, "आता सांग भाव."

या माणसाला एकच नाद होता, ऐकण्याचा. घरात बॅटरीवरचा रेडिओ आला तेव्हा तो त्याच्यासमोर मांडी घालून, डोळे मिटून बसायचा. त्या वेळी घरात कोणी भांडंसुद्धा वाजवायचं नाही. लग्नाला दोनेक वर्षं झाली असतील, छप्पन-सत्तावन्नचा सुमार. रेडिओवर गाणं चालू होतं आणि बाई काहीतरी सांगायला ओसरीत आली. काय सांगायचं होतं ते कोणालाच कळलं नाही, कारण दाजीनं बसल्या जागेवरून उठून तिच्या डाव्या कानाखाली अशी ठेवून दिली की ती दाराच्या चौकटीवर जाऊन आदळली. कानातून रक्त आलं. कान गेला तो गेलाच.

मी नेरहून काठी घेऊन गेलो. दाजी ओसरीतच होता. मी काठी त्याच्या खांद्यावर मोडली. तो नुसता बसून राहिला, हातही वर केला नाही. मला त्याचं आजही वाईट वाटत नाही, वाईट वाटतं ते काठी बारीक निघाली याचं. बाईला म्हटलं, "चाल घरी." तर ती कानावर फडकं धरून म्हणाली, "हे माहंच घर हाये. मी कायले जाऊ? पण याच्यासंगं आता मी बोलनार नाई." आणि नाहीच बोलली. ताट वाढलं की दारातल्या कुत्र्याकडे बघून म्हणायची, "जेवाले ये म्हना." कुत्रं बिचारं शेपूट हलवायचं, आणि दाजी मान खाली घालून जेवायला बसायचा. अशी वर्षं गेली. तिची खणखणीत हाक त्या घरातून नाहीशीच झाली.

पुढं दारव्ह्यात दाजीच्या गल्लीत वीज आली. दाजी एकदा यवतमाळला एका वकिलाच्या घरी गेला होता. तिथं त्यानं ग्रामोफोनला जोडलेला मोठा स्पीकर ऐकला, तबल्याचा डग्गा छातीवर बसतो असा. घरी येऊन आपला रेडिओ त्यानं लाथेनं अंगणात उडवला. "डबडं सालं! नाकातून बोलते." दुसऱ्या दिवशी नेरला येऊन मला म्हणाला, "बापू, तुहा तो रशीदमिस्तरी कुठी बसते?"

रशीदभाई आमच्याकडचा रेडिओ मेकॅनिक. बोलण्यात इतका पटाईत की आपल्याशिवाय साऱ्या जिल्ह्यात कोणाला कान नाहीत असं त्याचं ठाम मत! त्यानं सागवानाचा भक्कम डबा बनवला, आत सरकी काढलेला कापूस ठासला म्हणजे डबा स्वतः घुमत नाही, पुढं कापड ताणलं. व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर आणला. मग म्हणाला, "दौलतरावजी, स्पीकर रेकॉर्डवर पारखायचा नाई. गाना सबको मीठा लगता. गवयाचा खरा आवाज तुमी कुठं आयकला हाये? घरचा आवाज लावा. रोज कानावर पडते थो. स्पीकरातून थो जसाच्या तसा आला तं स्पीकर खरा, नाईतर झूठा."

"घरचा आवाज?" दाजीनं स्वयंपाकघराकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. त्या बैलासारख्या माणसाला मी तेव्हा पहिल्यांदा चाचरताना पाहिलं. "तूच इचार बापू तिले..."

बाई आधी साफ नाही म्हणाली. मग रशीदभाईनं चौकटीबाहेरून सांगितलं, "आपा, माइक तो मशीन है. मशीनसे कैसा रूठना?" बाईनं डोक्यावरचा पदर ओढून घेतला. मग म्हणाली, "मशीनीसंगं बोलीन मी. मानसासंगं नाई." माइक आणि डबा जवळ आले की डबा किंचाळतो, म्हणून माइक आत चुलीपाशी ठेवला आणि डबा बाहेर ओसरीत. वायर टाकली, बटण दाबलं. डबा आधी गुणगुणला, आणि मग त्यातून बाईचा आवाज आला, "तूर पाखडून राह्यली मी. औंदा दाना बारीक हाये." एवढंच! दाजी डोळे मिटून बसला होता. त्याची मान हळूहळू खाली गेली. मग तो म्हणाला, "फेल. हा आवाज तिचा नाई." मी आत ओरडून निकाल सांगितला, "बाई, फेल!" दाजीनं कुऱ्हाड आणली आणि स्पीकर डब्यातून उपसून दगडावर ठेवून फोडला. कागदाच्या चिंध्या अंगणभर उडाल्या. रशीदभाई "या अल्ला" म्हणत मागे सरला.

मग हे सुरूच झालं. सुगी आटोपली की रशीदभाई नागपूरहून नवा स्पीकर आणायचा, कधी आठ इंची, कधी दहा इंची, बाई आत बोलायची, दाजी फेल म्हणायचा, मी निकाल ओरडायचो आणि कुऱ्हाड चालायची. हळूहळू बाईची भीड चेपली. तिनं तूर सोडली आणि दाजीला धरलं. "ज्या हातानं मले मारलं थो हात झडो! बैलाले मारते, मानसाले मारते, तुह्यासारखा कसाई या दारव्ह्यात नाई!" डब्यातून शिव्या अशा सुटायच्या की शेजारपाजारचे कुंपणाशी येऊन उभे राहायचे. मला वाटे, आज हा आत जाऊन तिचा दुसराही कान फोडणार. मी काठी हाताशी ठेवूनच बसायचो. पण दाजी जागचा हलत नसे. सगळं संपलं की डोळे उघडून म्हणे, "फेल. नाकातून येते."

एकदा रशीदभाई फुटलेले तुकडे गोळा करत होता. त्यानं मला गोठ्यामागं ओढलं. एरवी तोंड न मिटणारा माणूस कुजबुजत म्हणाला, "बापू, हा स्पीकर चांगला होता. पयलाही चांगला होता. सारेच चांगले होते. तुह्या बहिणीचा आवाज मले पुरा ओळखू येते, याले काहून येत नाई?"

माझं डोकं भडकलं. मी ओसरीत जाऊन विचारलं, "दाजी, तुमाले कान हायेत का नाई? चांगल्या वस्तूचा कायले सत्यानाश करून राह्यले?" दाजी कुऱ्हाडीचं पातं पुसत होता. वर न बघता म्हणाला, "पास केला तं थे बोलन काय मंग?"

हात तर एवढे मोठे, आणि एक वाक्य मागायचं बळ नाही! या माणसाची कीव करावी की टाळकं फोडावं, मला समजेना. बाईला मात्र मी हे सांगितलं नाही. त्यानं आपल्या तोंडानं सांगावं, असं मला वाटत होतं.

त्यानं सांगितलं नाही, आणि मग तो दिवस आला. गोठ्यात बैल नीट उभा राहीना म्हणून दाजीनं त्याच्या तोंडावर दांडकं घातलं. बैलानं आजवरचं सगळं परत केलं. शिंग पोटात गेलं. मी नेरहून पोचलो तेव्हा डॉक्टरांनी हात टेकले होते आणि त्याला घरी आणून ओसरीत बाजेवर टाकलं होतं. पोटावर धोतरं गुंडाळलेली, सगळी लाल. रशीदभाईनं त्याच आठवड्यात नवा स्पीकर बसवला होता, त्याची पारख राहिली होती. दाजीनं बोटानं डब्याकडे दाखवलं. "लाव..."

रशीदभाईनं वायर जोडली. बाई आत चुलीपाशी होती. ती बाहेर आली नाही. डबा नुसता गुणगुणत राहिला. मग आवाज आला, "अहो..."

इतक्या वर्षांत तिनं त्याला हाक मारली नव्हती. दाजीनं डोळे मिटले.

"अहो, आयकता काय? चांगले चांगले स्पीकर फोडले तुमी. मले काय समजत नव्हतं? एक कान गेला माहा, दोन नाई गेले. मलेही बोलाचंच होतं, म्हनून मी बोलत गेली. आता पुरे झालं. हा तरी पास करा."

दाजीच्या डोळ्यांतून पाणी कानात उतरलं. ओठ हलले, म्हणून मी वाकलो. "फेल," तो म्हणाला. "आवाज... फाटून राह्यला. अजून बोल म्हना..."

मी आत ओरडलो, "बाई, फेल! अजून बोल!" आणि बाई बोलू लागली. त्या दिवशी ती रेडिओपाशी काय सांगायला आली होती, तेही तिनं सांगितलं. तिला दिवस गेले होते. ते पुढं टिकलं नाही, पण त्या दिवशी ती आनंदानं सांगायला आली होती. हे दाजीनं ऐकलं की नाही, देव जाणे. मधेच कधीतरी रशीदभाईनं दुवा मागायला दोन्ही हात पुढं धरले. मी दाजीच्या नाकाशी हात धरला आणि तसाच बसून राहिलो. डब्यातून बाई बोलतच होती आणि आत जाऊन तिला थांबवायची हिंमत आम्हा दोघांत नव्हती.

मी दाजीला माफ केलेलं नाही. बाईनं केलं का, ते मी विचारलं नाही. बैल विकायला काढला तर ती म्हणाली, "राहू दे, त्याचा काय गुन्हा?" मागच्या आठवड्यात दारव्ह्याला गेलो होतो. ओसरीत डबा तसाच, समोर ती बाज तशीच. म्हटलं, "बाई, हा डबा आता कोनाले देऊन टाकू?"

"पास कुठं झाला थो?" ती म्हणाली आणि आत गेली.

मी बाजेवर टेकलो. बटणाचा खटका वाजला, डबा गुणगुणला. "आज भाजी-भाकर केली हाये," डब्यातून बाई म्हणाली. "मिर्ची जरा जास्त पडली. त्याले चालली असती..." मग तिनं विचारलं, "कसा येते रे आवाज?"

आवाज जसाच्या तसा होता. वाक्याच्या शेवटी ती जरा दम घेते, तोही त्यात येत होता. मी डोळे पुसले आणि आत ऐकू जाईल असा ओरडलो, "फेल, बाई! अजून बोल!"