जाळीवरचा दगड

हे म्या आजवर कोणाले सांगितलं नाई. बायकोलेही नाई. एकदोनदा तोंड उघडलं — अन् कापसाच्या भावाची गोष्ट काढून मोकळा झालो.

मरळ मासा कसा धरतात, ठाऊक हाये तुम्हाले? मेलेल्या मासोळीकडं तो ढुंकूनही पाहत नाई. गळाले जिती, वळवळती बारकी मासोळी लागते. हे मले वसंतादादानं शिकवलं, माह्या चुलतभावानं. ओढ्यात जुन्या लुगड्याचं एक टोक तो धरे, एक मी, अन् पायानं गाळ ढवळत मासोळ्या त्यात हाकायच्या. गळ लावताना म्हणे, "पाठीच्या काट्याले लागू देऊ नको बे. तिले लवकर मारू नको." लय हलका हात होता त्याचा.

आमचा तलाव रोहिणखेडच्या अलीकडं. त्याच्या बाजूले मासेमारी सोसायटीचं एक लहान तळं होतं. त्यात बोटुकल्या वाढवत — बोटाएवढी माशाची पिल्लं, पावसाळ्यात मोठ्या तलावात सोडायची. दादा तिथला राखणदार. तलावाचं पाणी त्यात बाराही महिने सोडत, अन् जास्तीचं नालीनं खालच्या वावरात जाई. नालीच्या तोंडाशी जाळी, अन् ती हलू नये म्हणून तिच्यावर दगड.

त्या उन्हाळ्यात नवा जावई घरी यायचा होता. मरळ खाऊ घालतो म्हणून म्या फुशारकी मारून बसलो होतो. अन् ओढा कोरडा ठणठणीत! जिती मासोळी आणू कुठून? नेमका त्याच दिवशी दादा वहिनीले घेऊन बुलढाण्याच्या दवाखान्यात निघाला. सांजेपर्यंत तळ्यावर बस, म्हणाला. दुसऱ्या कोणाचा भरवसा नव्हता त्याले.

तुम्हाले कळलंच असंल. पण सांगू द्या मले.

पाण्याच्या ओढीनं बोटुकल्या जाळीपाशीच गोळा होत. म्या दगड सरकवला, जाळी उचलली, दुपट्ट्यात पिल्लं धरली, डबा भरला. जाळी परत टाकली — खाचेत बसली का नाई, पाह्यलं नाई. दगड ठेवलाच नाई. घाई कायची होती? सांजेले मरळ चांगला लागतो, एवढीच. मी तळं सोडून तलावावर गेलो. मरळ लागला. जावयानं बोटं चाटली.

दादा अंधार पडल्यावर आला अन् थकून झोपडीत तसाच आडवा झाला.

सकाळी तळ्यात बोटुकल्या नव्हत्या. जाळी कलंडलेली. नालीत, वावरातल्या चिखलात पिल्लं मरून पडलेली, बगळे तुटून पडलेले. दादा चिखलात उकिडवा बसून एकेक उचलून पाहत होता, जिती हाये काय म्हणून. मी पाठीमागं उभा होतो. तवाच बोलायचं होतं ना?

सोसायटीची बैठक बसली. मले विचारलं. म्या म्हटलं, "मी निघालो तवा जाळी जागेवर होती. दगडही होता."

झालं. मंग उरला कोण? रात्री दादानंच जाळी काढून पिल्लं विकली, असं गावात झालं. राखणदारी गेली. त्याच्या पोराले लोक चोराचा म्हणू लागले, ते पोरगं गाव सोडून गेलं ते परत आलं नाई. दादानं गळ पुन्हा हातात धरला नाई. मी रोज त्याच्या दारावरून जात होतो. एक वाक्य तं बोलायचं होतं — काऊन नाई बोललो? जावयापुढं लाज जाईल म्हणून? सोसायटीच्या भेवानं? मी भेकड होतो. दुसरा शब्द नाई त्याले.

मागच्या हिवाळ्यात दादानं खाट धरली. वहिनी चहा ठेवाले उठली, तवा त्यानं मले जवळ बोलावलं. इतकी वर्षं तेच तेच घोकून त्याले आता स्वतःचाच शक येत होता.

"तू तं खोटं बोलणार नाई," तो म्हणाला. "मंग त्या रात्री दगड म्याच हलवला असंल काय रे? झोपेच्या तारेत? मले काईच आठवत नाई."

माह्या तोंडाकडं पाहत होता. खोलीत आम्ही दोघंच.

म्या त्याचा हात हातात घेतला अन् म्हटलं, "असंल, दादा."

त्यानं हळूच मान हलवली.