मोरीपाशी पुरलेली तार

इंदापुराकडच्या जयवंताला गाव थट्टेनं 'मास्तर' म्हणायचं, आणि ते खरं मानण्याइतका तो भोळा होता. छत्तीस साली त्यानं पुण्याहून बॅटरीवरचा रेडिओ आणला. घरावर दोन वासे उभारून त्यांच्यामध्ये तांब्याची तार ताणली. रेडिओची दुसरी तार दुकानदारानं सांगितलं म्हणून मोरीपाशी जमिनीत पुरली. मुंबईचं गाणं घरात घुमलं, तशी स्वारीची मान जी ताठ झाली ती झालीच.

एक दिवस बायको, कुशाबाई, भांडी घासून पाणी त्या पुरलेल्या तारेवर ओतताना दिसली.

"अगं ए, यंत्र बिघडंल! तुला यातलं काय कळतंय?" चार माणसांदेखत जयवंता खेकसला.

कुशाबाईनं हंडा तिथंच ठेवला आणि सांगवीला माहेरी निघून गेली.

चैताचं ऊन तापलेलं. आठवड्याभरात रेडिओ खरखरला आणि मुका झाला. आता आली का पंचाईत! शनिवारी सगळ्या गावाला भजन ऐकवायचं त्यानं कबूल केलं होतं. पठ्ठ्यानं वासे उंच केले, तार लिंबावर नेली, शेंड्याला चढून धोतर फाडून घेतलं.

"मास्तर, तितनं मुंबई दिसती का?" शेजारचा गेणबा खालून ओरडला.

शनिवारी गाव जमलं आणि नुसती खरखर ऐकून हसत गेलं.

रेडिओबरोबर आलेला कागद त्यानं तेव्हा कुठं पुरता वाचला. आधी वरच्या तारेपुरताच वाचला होता. शहाण्याला खाली बघायचं सुचलंच नव्हतं. वरची तार हवेतल्या लहरी धरते, त्यांनी तारेत बारीकशी वीज धावते. पण पाटाच्या पाण्याला पुढं जायला वाट लागते, तशी त्या विजेला जमिनीत उतरायला ओल लागते. इथं तर कुशाबाई गेल्यापासून जमीन ठणठणीत कोरडी. त्यानं हंडाभर पाणी ओतलं आणि मुंबई बोलायला लागली. जयवंताला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी त्यानं सांगवी गाठली.

"यंत्र मुकं झालं म्हणून आला व्हय?" कुशाबाईनं दारातच विचारलं.

"कालपासनं बोलतंय. चुकलं माझं. एकट्याला गाणं गोड लागत न्हाय. चल घरी."

"पाणी कोण वततंय?"

"मीच. सकाळ-संध्याकाळ हंडा."

तिला हसू आवरेना. "मग आणखी चार दिस वता. पाचव्या दिशी गाडी घिऊन या."

चार दिवस जयवंता मोरीपाशी हंडे रिकामे करत राहिला.

"मास्तर, काय लावलंय हितं?" गेणबानं कुंपणावरून विचारलं.

"अक्कल," जयवंता म्हणाला, आणि दुसरा हंडा आणायला गेला.