फोटोत न निघालेलं दुखणं

हाडांच्या दवाखान्यात किस्से गोळा करावे लागत नाहीत, ते आपोआप साचतात. धुळ्याला आमच्या डॉक्टर सरांच्या दवाखान्यात मी फिजिओथेरपिस्ट म्हणून लागले, तेव्हा हा शब्द उच्चारायची कुणाची तयारी नव्हती. मी 'शेकवाल्या बाई' होते. हात शेकत असला की बायका बोलतात, आणि नुकती बाळंत झालेली तर फारच बोलते, कारण घरी तिचं ऐकायला कुणी रिकामं नसतं. त्यामुळे माझ्याकडे सगळ्यात जास्त किस्से अंगठ्याचे आहेत. त्यातल्या काहींचं हसू येतं, पण मेलं ते टिकत नाही.

दुखणं तसं साधं. मूल दीड-दोन महिन्यांचं झालं, की आईच्या अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या कडेला ठणका सुरू होतो. बाळाला काखेत धरून उचलायचं, पाजताना मान तोलायची, दुपटी पिळायची, भाकरी थापायच्या. सगळा भार तिथल्या एका शिरेवर येतो आणि ती सुजते. मग हातात कपसुद्धा धरवत नाही. गावाकडे याला बाळंतपणाचा वात म्हणून मोकळे व्हायचे. आणि वात म्हटला की डॉक्टर लागत नाही, शेजारीण पुरते.

* * *

शेजारणीचं औषध म्हणजे बिब्बा. दोंडाईच्याकडची एक मुलगी आली, तिच्या मनगटावर ही एवढी जखम. बिब्बा तापवून त्याचं तेल लावलं होतं, कातडी पार भाजून निघाली होती. सरांना इंजेक्शन द्यायचं होतं, पण सुई टोचायला जागाच उरली नव्हती.

सरांनी विचारलं, "बरं, अंगठ्याचं दुखणं तरी कमी झालं का?"

"व्हयनं ना," ती म्हणाली. "आते बिब्बाना चटका दुखस. त्यानापुढे अंगठा समजस नही."

सर हसले नाहीत. महिनाभर ड्रेसिंगच चाललं. अंगठ्याकडे वळेपर्यंत तिच्या सासरच्यांनी तिला आणायचं बंद केलं.

* * *

अंगठा आणि मनगट बांधून ठेवायला आम्ही चामड्याचा पट्टा बनवून घ्यायचो. जामनेरच्या एका मास्तरांच्या बायकोला असा पट्टा दिला. पुन्हा दाखवायला आली, तर पट्टा कोरा करकरीत, हात मात्र होता तसाच सुजलेला.

मी म्हटलं, "पट्टा किती छान ठेवलाय हो!"

ती खूश झाली. "घरी घालतच नाही ना. पिठाने मळतो. दवाखान्यात यायचं असलं की घालते."

सासूबाईंनी तो लुगड्याच्या घडीत, डांबराच्या गोळ्या घालून ठेवला होता म्हणे.

* * *

कधी कधी आम्ही सांगायचो ते लोक इतकं तंतोतंत पाळायचे, की आपलीच जीभ चावावीशी वाटायची. एका नवऱ्याला मी चांगलं बसवून समजावलं, "हिच्या उजव्या हाताला पूर्ण आराम हवा. पाणी नाही, धुणं नाही, भाकरी नाही." माणूस सज्जन होता. मान डोलवून ऐकून गेला.

पुढच्या वेळी आली ती डावा हात पुढे करून. हापसा डाव्याने, धुणं डाव्याने, पोर डाव्या हातावर.

"तुम्हीच बोलले ना ताई, उजव्याला आराम," नवरा म्हणाला. "उजव्याला हात लावू नाही दिला आम्ही."

खरंच, उजवा हात उत्तम बरा झाला होता.

* * *

धरणगावच्या एका बाईचा एक्सरे काढला. या दुखण्यात एक्सरेत काही दिसत नाही, दिसायचंही नसतं, कारण हाड धडच असतं. पण फोटो काढला आणि फोटोत काही निघालं नाही, म्हणजे बाई खोटं बोलते, हा सगळ्या खान्देशाचा कायदा. नवरा फोटो घेऊन बाहेर गेला तसा तिने माझा हात धरला.

"बाई, थोडंसं तरी फ्रॅक्चर शे म्हणा ना."

मी सरांना सांगितलं. सरांनी अंगठ्यासकट मनगटाला प्लास्टर घातलं. तसाही त्या हाताला आरामच हवा होता. प्लास्टर दिसतं. गल्लीतल्या बायका बघायला आल्या, नणंदेने तिला हातात चहा आणून दिला. महिन्याने आम्ही प्लास्टर कापलं, तेव्हा तिचा हात मोकळा हलत होता, आणि ती रडत होती.

* * *

एवढं बघून वाटलं, दुखणं होण्याआधीच सांगावं. एका गावात गरोदर बायकांना जमवलं आणि उशी घेऊन दाखवलं, बाळाला काखेत अंगठे रुतवून उचलू नका, दोन्ही हात खालून घाला, कोपराजवळ घ्या, पाजताना मांडीवर उशी ठेवा. सगळ्या मन लावून ऐकत होत्या. मागे एक म्हातारी बसली होती, तिने विचारलं, "बाई, तुले किती पोरं शेतस?"

"एकही नाही."

"मंग बरोबर शे. म्हनीसन तुना हात दुखत नही."

बायका खो खो हसल्या, मीही हसले. पण मला ते लागलं, कशाला खोटं बोलू. परत येताना बसमध्ये ती उशी मांडीवरच होती.

* * *

आणि शिंदखेड्याकडच्या एका गावची लता. तिच्यासोबत नवरा सुभाष आणि सासू. सासूला सगळे आक्का म्हणत होते. लताच्या कडेवरच्या तान्ह्या मुलीच्या कपाळावर टेंगूळ होतं. अंघोळ घालून उचलताना लताच्या मनगटात कळ आली आणि पोरगी हातातून निसटली. गावात मात्र बोललं गेलं, की मुलगी झाली म्हणून हिने मुद्दाम टाकली.

आक्कांचं म्हणणं सरळ होतं. "फोटो साफ शे. डाक्टरसाहेब, तुम्ही फक्त सांगी द्या, हिले काही नही. मंग हिले आम्ही पोरसंगे मायकडे धाडी देतस. कायमनी."

लता खाली बघत होती. सर म्हणाले, छोटी चीर देऊन शीर मोकळी करू, हात बरा होईल. त्यासाठी बांगड्या उतरवाव्या लागतील.

"मना पोऱ्या जित्ता शे," आक्का म्हणाल्या. "बांगड्या निंघाव नहीत."

या दुखण्याची एक परीक्षा असते. अंगठा मुठीत दाबायचा आणि मनगट करंगळीच्या बाजूला वाकवायचं. चांगल्या हाताला नुसता ताण बसतो. मी लताचं मनगट तसं वाकवलं आणि ती किंचाळली.

"नाटकं," आक्का म्हणाल्या.

माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "आणा तुमचा हात. तुमच्या हाताला तर काही झालं नाही ना? मग हेच करते, बघा ओरडावंसं वाटतं का."

त्यांनी हात पुढे केला. मी अंगठा मुठीत दाबला आणि मनगट वाकवलं.

आक्का ओरडल्या नाहीत. त्यांनी दुसऱ्या हाताने पदर ओढून दातात धरला. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. मी हात सोडला.

"आक्का, कधीपासून?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. सुभाषकडे बोट केलं. "हाऊ व्हयना तवयपासून."

सुभाष म्हणाला, "माय, इतला वरीस तू कधी बोलनी नही."

आक्कांनी डोळे पुसले, पदर नीट केला.

"तू बाहेर बठ," त्या म्हणाल्या.

तो गेल्यावर त्यांनी लताच्या कडेवरची पोर आपल्याकडे घेतली.

"काढ त्या बांगड्या."