गप्प केलेल्या अकरा वॉर्निंग

माझी पहिली नोकरी रामदासपेठेतल्या एका छोट्या कंपनीत होती. जिनिंगमधल्या, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढणाऱ्या कारखान्यातल्या, रुईचा ओलावा मोजणारं यंत्र आम्ही बनवायचो. ते जोडलं जायचं आमच्या कळमेश्वरच्या शेडमध्ये आणि त्याच्या आतलं सॉफ्टवेअर लिहायचो आम्ही दोघं, मी आणि माझ्या मॅडम. मॅडम काटोलकडच्या शेतकरी घरातल्या. ऑफिसात सगळे हिंदी-इंग्रजी मिसळून बोलत, त्या मात्र कोणाशीही आपल्या घरच्याच बोलीत बोलत.

ओलावा मोजणाऱ्या चिपचा ड्रायव्हर मला लिहायला दिला होता, म्हणजे कर्नलला, यंत्राच्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला, ती चिप चालवता यावी यासाठीचा कोड. ड्रायव्हर चालला. पण कोडमधले टाइप, म्हणजे कुठली किंमत कुठल्या प्रकारची ते, तपासणाऱ्या टूलने अकरा वॉर्निंग काढल्या.

भानगड अशी होती. कर्नलमधली काही फंक्शनं मेमरीतल्या जागेचा पत्ता परत देतात. काम फसलं की तीच फंक्शनं एररचा नंबर पत्त्याच्या रूपात गुंडाळून देतात. हातात आलेला पत्ता खरा आहे की एरर, हे घेणाऱ्याने आधी तपासायचं. त्यात चिपच्या रजिस्टरांचे, म्हणजे तिच्या आतल्या छोट्या कप्प्यांचे, पत्ते साध्या मेमरीच्या पत्त्यांहून वेगळ्या प्रकारचे धरले जातात. मी दोन्ही प्रकार बिनधास्त मिसळले होते आणि टूल तेवढंच सांगत होतं. मी अकराही ठिकाणी कास्ट टाकला. म्हणजे टूलला बजावलं की मी म्हणतो तोच प्रकार समज. वॉर्निंग शून्य झाल्या आणि मी खूश होऊन कोड मॅडमकडे तपासायला पाठवला.

दुपारी त्या खुर्ची ओढून माझ्या शेजारी येऊन बसल्या.

"हे कास्ट काहून टाकले गा?"

मी म्हटलं, वॉर्निंग येत होत्या.

"त्या कायच्या होत्या, ते वाचलं का?"

मी वाचलं नव्हतं. पहिली वाचली होती, बाकीच्या तशाच असतील असं धरून चाललो होतो. त्यांनी आवाज चढवला नाही. सगळे कास्ट काढ आणि एकेक वॉर्निंग कुठून येते ते शोधून मला सांग, एवढं सांगून त्या आपल्या जागेवर गेल्या. मला राग आला. चालणाऱ्या कोडमध्ये कशाला हात घालायचा, असं मनात म्हणत मी कामाला लागलो.

सात वॉर्निंगना औषध तयारच होतं. एररला थेट रजिस्टरांच्या पत्त्याच्या प्रकारात गुंडाळणारी सोय कर्नलमध्ये आधीपासून आहे, कास्ट तिच्या पोटात एकाच जागी असतो. मला ती ठाऊक नव्हती. तीन ठिकाणी मी रजिस्टर ठरलेल्या फंक्शनमधून न वाचता सरळ वाचत होतो, तेही नीट केलं. अकरावी वॉर्निंग माझ्याच एका फंक्शनवर होती. त्याचा टाइप बदलायचा म्हणून ते कुठून बोलावलं जातं ते पाहायला गेलो आणि थबकलो. तिथे मी पत्ता रिकामा आहे का, एवढंच तपासलं होतं. गुंडाळलेली एरर रिकामी नसते. ती आली असती तर ड्रायव्हरने तिलाच खरा पत्ता समजून तिथे लिहायला घेतलं असतं.

मी मॅडमना जाऊन सांगितलं. त्या उठल्या आणि कपाटातून एक जुना बोर्ड घेऊन आल्या. त्याच्यावर ती चिपच नव्हती, म्हणजे पत्त्याऐवजी एररच येणार. असे बोर्ड अजून काही जिनिंगमध्ये आहेत, त्या म्हणाल्या. आधी माझा जुना ड्रायव्हर त्यावर चढवला. यंत्र सुरू होता होता मध्येच अडकलं ते अडकलंच. मग दुरुस्त केलेला चढवला. चिप सापडली नाही, अशी एक ओळ आली आणि बाकीचं यंत्र सुरळीत सुरू झालं.

मला वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार. त्यांनी फक्त विचारलं, "हे तुले टूलनं दाखवलं का?"

"नाही. टूल टाइपबद्दलच बोलत होतं. मी तिथे गेलो म्हणून दिसलं."

"मंग झालं तर. जात जाय असाच."

नंतर चहा घेताना मी त्यांना विचारलं, तुम्हाला आधीच दिसलं होतं का? त्या नाही म्हणाल्या. मग त्यांनी आपली गोष्ट सांगितली. नोकरीच्या सुरुवातीला त्यांनीही असेच कास्ट टाकले होते. त्यापायी ऐन हंगामात एका जिनिंगमध्ये यंत्र बंद पडलं. कापसाच्या गाड्या फाटकाबाहेर उभ्या, कामगार बसून. मालक यंत्र बसवणाऱ्या फिटरवर ओरडत होता. मॅडमनी तिथे सगळ्यांसमोर सांगितलं की चूक फिटरची नाही, माझ्या कोडची आहे. मग जिनिंगच्या शेडमध्येच जमिनीवर बसून लॅपटॉपवर दुरुस्ती केली.

"भेव नाही वाटलं?" मीही नकळत त्यांच्याच बोलीत विचारलं.

"लय वाटलं. पण तो माणूस माह्यापायी बोलणे खाऊन राहिला होता ना."

एवढं बोलून त्यांनी कप खाली ठेवला आणि माझ्या कोडला मंजुरी द्यायला गेल्या. बदलाच्या नोंदीत त्यांनी फक्त माझं नाव टाकलं. मी त्यांचंही टाका म्हणालो, तर म्हणाल्या, मी काय केलं, मी तर नुसतं विचारलं.