हिरवी वायर

लोहाऱ्याचा धम्मपाल तसा स्वभावानं गरीब माणूस. एका खासगी शाळेत लिपिक. मुख्याध्यापकांपुढं मान खाली, घरी भाग्यश्री म्हणेल त्याला व्हय. भीमगीतांच्या पार्टीत बेस गिटार वाजवायचा, पण तिथंही जागा मागच्या अंगाला, ऑक्टोपॅडवाल्याच्या आडोशाला. गाणाऱ्याला लोक हार घालतात, ढोलकीवाल्याला शिट्ट्या मारतात, आणि बेसवाल्याला म्हणतात, जरा बाजूला सरका, फोटो काढायचाय. लोकांचं तरी काय चुकतं म्हणा. बेस चालू आहे तोवर कुणाच्या ध्यानात येत नाही. बंद पडला की गाणं एकदम पोकळ वाटायला लागतं, आणि कशामुळं ते कुणाला सांगता येत नाही.

तर अशा ह्या माणसाला एकाच ठिकाणी मान होता, मोबाईलमधल्या ‘खर्जाची माणसं’ या गटात. मराठवाड्यातले, सोलापूरकडचे, पार गुलबर्ग्यापर्यंतचे बेसवाले त्यात होते. कुणी लग्नाच्या बँडमधला, कुणी चर्चमध्ये वाजवणारा, कुणी कॉलेजातला. जुन्या सिनेमातल्या गाण्याचा बेस कुणी वाजवून टाकायचा, की दुसरा म्हणायचा, वा, पण मधली उडी चुकली. मग त्यावर दुपारभर खल. कुणी विचारायचं, तारा मेल्यात, नव्या घेऊ का? धम्मपाल सांगणार, कशाला, जुन्याच काढ, पातेल्यात उकळ, पुसून लाव, परत बोलायला लागतील. (त्या नादात भाग्यश्रीचं दुधाचं पातेलं कामातून गेलं, आणि तिनं त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.) स्पीकरमध्ये टकटक येते? वाजवायच्या आधी मोबाईल एरोप्लेन मोडवर टाक. शाळेत ज्याला कुणी चहाला थांबा म्हणत नव्हतं, त्याला इथं लोक गुरुजी म्हणायचे. चढणारच की हो डोक्यात.

त्याचं सगळ्यात गाजलेलं उत्तर होतं घरघरीवरचं. गावातल्या कार्यक्रमात कुठनं कुठनं वायरी ओढलेल्या असतात, त्यात अँपमधून, म्हणजे गिटारीचा आवाज मोठा करणाऱ्या पेटीतून, घरघर येते आणि बेसवाल्याचा जीव नकोसा होतो. धम्मपालनं लिहिलं, अँपचा प्लग उघड, आतली हिरवी वायर सोडव, प्लग बंद कर, घरघर गायब. खाली ठसक्यात, ‘म्या सोता दोन वर्सं असाच वाजवतोय, काय होत न्हाय.’ अंगठ्यांवर अंगठे आले. त्या दिवशी माणूस जेवला कमी आणि मोबाईल बघितला जास्त.

हिरवी वायर कशासाठी असते हे त्याला ठाऊक नव्हतं असं नाही. शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकातसुद्धा आहे ते, अर्थिंगची वायर म्हणून. पण काय होत न्हाय, काय होत न्हाय म्हणता म्हणता माणूस विहिरीच्या काठावर झोपायला शिकतो.

एप्रिल सरत आला होता आणि गावोगाव जयंतीचे कार्यक्रम अजून चालूच होते. आदल्या दिवशी अवकाळीनं सगळा जिल्हा झोडपून काढलेला. त्या दिवशी दुपारी समाजमंदिरात पार्टीची तालीम होती. बाहेर चिखल, म्हणून चपला दाराबाहेर, आत कोरडी सतरंजी. गाणारा मुरुमहून यायचा होता, त्याची जीप भरेना म्हणून तो अडकला. माईक लावून झाला होता. चालतो का बघायला कुणीतरी बोलायला पाहिजे, म्हणून जन्मात कधी माईकपुढं न गेलेला धम्मपाल गिटार गळ्यात तशीच ठेवून, बोटं तारांवर, पुढं वाकला आणि हॅलो म्हणाला.

‘हॅ’ झाला, ‘लो’ झालाच नाही. तापल्या तव्याला ओठ टेकावा तसं झालं, हात खांद्यापर्यंत आखडला, आणि माणूस मागं खुर्च्यांवर जाऊन आदळला. ऑक्टोपॅडवाला आधी हसला, मग त्याचं तोंड बघून धावत गेला आणि त्यानं बोर्डाचा खटका पाडला. धम्मपालचा खालचा ओठ पांढराफटक, जीभ जड. कुणीतरी पाणी पाजलं, ते हनुवटीवरून गळत होतं.

मग त्याला कळलं. अँपच्या पेटीत कुठंतरी करंट उतरला की त्यानं हिरव्या वायरीतून जमिनीत जायचं. वायरच नसली तर तो तारांत येऊन बसतो. नुसतं वाजवणाऱ्याच्या पायात चप्पल असते, खाली लाकडी फळ्या असतात, त्याला फार तर मुंग्या येतात. पण बोटं तारांवर आणि ओठ माईकला लागले, की करंटाला रस्ता सापडतो. तो स्वतः कधी गात नव्हता, म्हणून दोन वर्षं वाचला होता, आणि ह्यालाच तो हुशारी समजत होता.

गाणारे बेसवाले किती असतात? गटात एकच होती. राजनंदिनी, ईटची.

धम्मपालनं मोबाईल काढला. सकाळीच तिचा मेसेज आला होता. तिनं लिहिलं होतं, ‘दादा, हिरवी वायर काढली, घरघर गेली. आज संध्याकाळी आमच्या वस्तीतली जयंती आहे, बेस पण मीच आणि गाणं पण मीच. फक्त तारांना हात लावला की बोटं जरा झिणझिणतात. चालेल ना?’ आणि त्याखाली ह्याचं उत्तर. भाकरी खाता खाता डाव्या हातानं दिलेलं. ‘नव्या तारांना होतं तसं. बिनधास्त वाजव.’

झिणझिणतात म्हणाली होती पोरगी. चालेल ना म्हणून विचारलं होतं. धम्मपाल ओठाचं दुखणं विसरला.

त्यानं मेसेज टाकला, वाजवू नको, माईकला तोंड लावू नको. तो तिच्यापर्यंत पोचेना. गटातूनच फोन लावला, लागेना. परत लावला, परत तेच. गटात सगळ्यांची नुसती नावं दिसायची, नंबर कुणाचाच नाही. त्यानं सगळ्यांना विचारलं, ईटच्या आसपास कुणी हाय का? नव्हतं. मग त्याच्या ध्यानात आलं की फोन लागणारच नाही. वाजवायच्या आधी मोबाईल एरोप्लेन मोडवर टाकायचा, हे त्या पोरीला शिकवलं कुणी? ह्याच दीडशहाण्यानं.

लोहारा जिल्ह्याच्या एका टोकाला, ईट पार दुसऱ्या टोकाला, भूम तालुक्यात. जीप धरून निघाला असता तर मंडप सोडताना पोचला असता. उन्हं उतरायला लागली होती. तो तसाच अनवाणी घरी पळाला.

भाग्यश्री ज्वारी निवडत होती. त्याचा ओठ बघून ती उठलीच. ह्यानं अडखळत अडखळत सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाला, ईटात आपलं कोण हाय? आता हे विचारायची काही गरज नव्हती. भाग्यश्रीची थोरली बहीण ईटातच दिलेली, आणि तिचा नवरा गुलाब तिथल्या जयंती मंडळाचा अध्यक्ष. पण साडू-साडूंचं फाटलेलं होतं. बारशाच्या पंगतीत गुलाबनं चारचौघांत विचारलं होतं, काय हो, लोकांच्या गिटारीला सहा तारा आन् तुमच्या चारच, दोन हप्त्यानं मिळणार हायेत का? पंगत हसली आणि धम्मपाल भरल्या ताटावरून उठला. परत त्या दारात पाय ठेवणार नाही म्हणाला, आणि ठेवला नव्हता. फोनसुद्धा नाही.

भाग्यश्रीनं नंबर लावला आणि मोबाईल त्याच्या हातात दिला.

गुलाबनं उचलला. मागं लोकांचा गलका, निवेदकाचा आवाज, लहान पोरांचा दंगा. धम्मपालनं सांगायला सुरुवात केली, पण जिभेला वळण नव्हतं. गुलाबला अर्धं ऐकू येईना आणि अर्धं पटेना. तो म्हणाला, कार्यक्रम ऐन रंगात आलाय, पाहुणे पुढं बसलेत, नंतर बोलू. आन् एवढ्या दिसानं आजच बरा फोन केला तुमी.

तेवढ्यात मागं बेस सुरू झाला. एकटाच. धम्मपालला तो फोनमधूनसुद्धा ओळखू आला, कारण तो त्याचाच होता. त्यानंच बसवलेला, आवडता म्हणून गटात टाकलेला. खालच्या सुरावर सावकाश चालत येतो, वर चढतो, पुन्हा खाली उतरून थांबतो, आणि तिथं गाणं उचलायचं. पोरीनं हुबेहूब घेतला होता. इतका सुरेख की दुसऱ्या कुठल्याही दिवशी धम्मपाल रडला असता. आता त्याच्या कानात नुसतं एवढंच होतं की तो बेस खाली उतरला की ती माईकला तोंड लावणार.

“गुलाबभाऊ,” तो म्हणाला, “लाईट घालवा. सगळ्या मंडपाची.”

“येड लागलंय का तुमाला? म्या अध्यक्ष हाय मंडळाचा. माझ्याच हातानं?”

“ती पोरगी मरंल. म्या चुकीचं सांगितलंय तिला. चूक माझी हाय, लोकांनी मारलं तर माझं नाव सांगा. तुमचे पाय धरतो, भाऊ, खटका पाडा.”

फोन चालू होता. खसखस झाली, कुणीतरी ‘अध्यक्ष, कुठं?’ म्हणालं, कुणाचा तरी धक्का लागला, एक बाई चिडली. बेस वर चढला होता. आता उतरायला लागला. भाग्यश्रीनं धम्मपालचं मनगट घट्ट धरलं होतं. बेस खाली आला, आणखी खाली आला, आणि मध्येच बंद पडला.

एकदम शांत.

धम्मपालला कळेना, खटका पडला की पोरगी पडली. दोन्हींचा आवाज सारखाच की हो! तो गुलाबभाऊ, गुलाबभाऊ म्हणत राहिला. मग फोनमधून शिट्ट्या ऐकू आल्या, आरडाओरडा, कुणाच्या तरी आईवरून शिवी. लोक चिडले होते. धम्मपालला शिव्या इतक्या गोड कधी लागल्या नव्हत्या, कारण माणूस पडल्यावर लोक शिट्ट्या मारत नाहीत.

गुलाब धापा टाकत फोनवर आला. खटका पाडला, म्हणाला. आन् दोन रट्टे खाल्ले पाठीत, कुणाचे ते कळलं न्हाय. गिटार खाली ठेवायला लावलीय, वायरमन बोलावलाय. फोन ठिवू नका.

वायरमननं गिटार फळ्यांवर एकटीच ठेवली, सगळ्यांना लांब केलं, लाईट परत लावली आणि टेस्टरचं टोक तारेला टेकवलं. हे सगळं गुलाब हलक्या आवाजात सांगत होता.

“पेटला वो,” तो म्हणाला. “चांगला लालभडक पेटला.”

शिट्ट्या थांबल्या होत्या. थोड्या वेळानं गुलाबनं फोन राजनंदिनीकडं दिला. पोरीचा आवाज अगदी बारीक झाला होता. ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, “दादा, तुम्ही चालतं म्हणालात म्हणून मी पुढं विचारलं नाही कुणाला.”

धम्मपाल माफ कर म्हणाला, ते तिला ऐकू गेलं की नाही कोण जाणे. ती पुढं सांगत होती, की तो अँप बाजूला ठेवलाय, गुलाबकाका कीबोर्डवाल्याचा दुसरा देताहेत, हिरव्या वायरीचा. पण त्याला परत घरघर येतीय. तिचं काय करू?

गटात असा प्रश्न आला असता तर गुरुजींनी चार उपाय सांगितले असते.

“येऊ दे,” धम्मपाल म्हणाला. “घरघर येऊ दे, पोरी. मला न्हाय ठाव त्यावरचा उपाय.”

कार्यक्रम परत सुरू झाला. फोन ठेवताना गुलाब म्हणाला, या एकदा घरी. जेवायलाच या. ओठ बरा झाल्यावर.

भाग्यश्री उंबऱ्यात बसली होती, पदरानं तोंड पुसत. जिवात जीव आल्यासारखं झालं होतं दोघांच्या. पण धम्मपालनं गट उघडला आणि लिहिलं, म्या सांगितलेलं चूक होतं, जीव घेणारं होतं, आज माझ्या ओठाला लागलंय आन् ईटची राजनंदिनी थोडक्यात वाचलीय, ज्यानं ज्यानं हिरवी वायर काढली त्यानं आधी प्लग ओढा. पाठवून दिलं, आणि त्याला वाटलं, झालं, संपलं.

पहिलं उत्तर उमरग्याहून आलं. ‘म्या पण काढलीय, दादा.’ दुसरं सोलापूरकडचं. तिसऱ्यानं लिहिलं, त्यांच्या बँडमधल्या सगळ्यांनी काढल्यात, आणि आता बँड वरातीत आहे, त्यांना निरोप कसा द्यायचा? मग एकजण म्हणाला, गुरुजी, तुमचा मेसेज म्या आमच्या साउंडवाल्यांच्या गटात टाकला होता. लई उपयोगाचा म्हणून त्यांनी पुढं धाडला. कुठं कुठं गेला ते काय सांगता येत न्हाय.

सांज झाली होती. जयंतीचे दिवस, लग्नसराई, गावागावांत मंडपाच्या दिव्यांना वायरी जोडून झालेल्या. धम्मपालनं लिहिलं, ज्याला ज्याला माहिती हाय त्यानं नंबर टाका. नंबर यायला लागले. त्यानं पहिला लावला, पण ओठ सुजून टुम्म झाला होता, शब्द फुटेना. पलीकडचा म्हणाला, कोण बेवडा हाय रे, आणि त्यानं फोन कापला. धम्मपालनं परत लावला. परत कापला. तेव्हा मात्र तो मोबाईल मांडीवर ठेवून ढसाढसा रडायला लागला.

भाग्यश्री उठली. तिनं त्याच्या मांडीवरचा मोबाईल उचलला, दोन्ही हातांनी धरला, आणि तोच नंबर लावला.

“हॅलो, म्या लोहाऱ्याहून बोलते, धम्मपालची बायकू,” ती म्हणाली. “फोन ठिवू नका, दादा. तुमच्याकडं कोण गातंय आज, आन् त्येच्या गिटारीची हिरवी वायर कुठं हाय?”