दोन-चारचं माप

हमीदामावशी गेली. सांगायला तिची सून जैबुन स्वतः आली. बालवाडीच्या दारात उभी राहिली. मी म्हटलं, "अगं, आत तरी ये." तशी म्हणाली, "ताई, आपली म्हातारी सुटली." पोरांच्या खाऊच्या वाट्या तशाच राहिल्या आणि आम्ही दोघी उंबऱ्यावर बसून रडलो.

त्याच्या थोडंच आधी मी वलवणला तिच्या घरी जाऊन आले होते. खाटेवर पडल्यापडल्या तिनं माझा हात ओढून घेतला, सवयीनं बोटांच्या गाठी दाबून पाहिल्या आणि डोळे न उघडता म्हणाली, "वाळलीस गं. जेवतीस, का नुसती पोरांना शिकवतीस?" जन्मभर बांगड्या भरणारी बाई ती. माणसाचं तोंड बघायच्या आधी हात बघायची.

लोणावळ्याच्या बाजारात तिचं बोळातलं एवढंसं दुकान होतं. पण ती दुकानात कमी आणि डोक्यावर पत्र्याची पेटी घेऊन कार्ले, कामशेत, वडिवळे अशी गावोगाव जास्त. जीभ तिखट. चहात साखर कमी पडली तर शेजारणीलाही सोडायची नाही. पण कुठल्याही अंगणात तिनं पेटी उघडली की घरातले बापे आपसूक बाहेर पडायचे. कासारीण म्हणजे माहेरचं माणूस, अशी आपल्याकडची रीत. बांगड्या भरून झाल्या की सुना तिच्या पाया पडायच्या. ती मुसलमान आणि आम्ही देवाधर्माचं कडक घर, पण ते त्या वेळी कुणाच्या मनातही यायचं नाही. घरातल्या सुनेचा हात हातात घेऊन घटकाभर बसायची मुभा गावात फक्त तिला होती.

मी वडिवळ्याला दिलेली. नवरा मारायचा. आता हे लिहिताना हात अडखळत नाही, पण तेव्हा तोंड उघडत नव्हतं. दोनदा माहेरी पळाले, दोन्ही वेळा वडिलांनीच आणून घातलं. "दिल्या घरी नांदावं, बाई," एवढंच म्हणाले. सासर आणि माहेर, जगाला दोनच दारं असतात असं मला वाटायचं. आणि दोन्ही बंद झाली होती.

त्या वर्षी भाताची मळणी उरकली होती, संक्रांत तोंडावर आली होती. मावशी आमच्या अंगणात आली. सासूबाईंचे हात भरून झाल्यावर मी पुढं बसले. डावं मनगट सुजलेलं. मी आपलं पाठ केल्यासारखं म्हटलं, "पाट्यावर वाढवल्या." बांगडी फुटली असं आपण म्हणत नाही ना, वाढवली म्हणतो! मावशी साबणाच्या पाण्यानं माझा हात चोळत राहिली. मग हळूच म्हणाली, "तुज्या लय वाढत्यात गं." आणि लगेच मोठ्यानं, "सासूबाई, हिचं माप दोन-चार. माज्यापाशी न्हाई. फुडच्या खेपंला आनते."

उघड्या पेटीत दोन-चारच्या बांगड्यांच्या माळाच्या माळा मला दिसत होत्या. अहो, अर्ध्या मावळातल्या सुना दोन-चार घालतात! मी बोलायला गेले, तर तिनं माझं बोट असं काही दाबलं की मी गप्प बसले.

आठ दिवसांनी पुन्हा आली. हा रंग नको, तो रंग नको, आणि माप पुन्हा नाही. सासूबाई वैतागल्या, "तुज्या पेटीत हाय तरी काय, हमीदा?" मावशी हसून म्हणाली, "तुमच्या सुनंचा हातच नाजूक, त्याला मी काय करू?" आणि हात चोळता चोळता खालच्या आवाजात मला, "कुटं दुखतंय तेवडं सांग. कुनी केलं ते म्या इचारत न्हाई." त्या खेपेला मी हात सोडवून घेतला आणि आत निघून गेले. पुढच्या वेळी मात्र बांध फुटला. म्हटलं, "मावशे, माजं ऱ्हाऊ दे. आता शोभालाबी भिरकावली." माझी शोभा तेव्हा नुकती पावलं टाकत होती.

"बास," मावशी म्हणाली. मग तिनं सांगितलं की लोणावळ्यात एक डॉक्टरीणबाई आहे, ती मार बघून तसा दाखला देते. महिला मंडळाच्या बालवाडीमागं एक खोली आहे, तिथं लेकुरवाळीला निजता येतं. आणि चौकीतला हवालदार ऐकून घेतो, "कारन त्याच्या बायकूचं हात मीच भरते." मी विचारलं, "पर म्या हितनं निघू कशी?" मावशी म्हणाली, "तुज्या दिराचं लगीन हाय न्हवं?"

लग्नघरच्या सुनेचे हात हिरव्या चुड्यानं भरलेले हवेत, हे सासूबाईंना कुणी सांगायला नको होतं. मावशीनं निरोप धाडला, पेटीत एवढा माल मावत नाही, दुकानावर या. सासूबाई स्वतः बरोबर आल्या. वडिवळ्याहून कामशेतपर्यंत चालत, पुढं गाडीनं. शोभा माझ्या कडेवर. वाटेत मला शंभरदा वाटलं, परत फिरावं.

दुकानात मावशीनं आधी सासूबाईंना बसवलं आणि मुद्दाम आवळ बांगडी चढवायला घेतली. आवळ बांगडी अंगठ्याच्या हाडावर अडकली की पुढंही जात नाही, मागंही येत नाही, आणि बाईला उठता म्हणून येत नाही. "पोरी, तू आत जाऊन दोन-चारचा डबा बघ," मावशी मला म्हणाली. आत मागचं दार होतं. दाराबाहेर महिला मंडळाच्या एक बाई उन्हाची छत्री घेऊन उभ्या होत्या.

आम्ही सासूला चांगलं फसवलं, असं मी कैक वर्षं समजत होते. मग एकदा चहा पिताना मावशीनं खरं सांगितलं. मी आत वळले तेव्हा सासूबाईंनी मान वळवून पाहिलं होतं. मागच्या दाराची कडी वाजलेली त्यांनी ऐकली होती. आणि अडकलेली बांगडी एकदाची चढल्यावर त्यांनी दुसरा हात पुढं केला. म्हणाल्या, "ह्या हातात सावकाश भर, हमीदा. मला घाई न्हाई." त्या मनगटाचं हाड जुनं मोडून वाकडं बसलेलं होतं, मावशी म्हणाली. ऐकलं आणि मला हुंदका आवरेना... त्या माउलीला मी किती वर्षं शिव्या दिल्या होत्या!

नवरा आला होता लोणावळ्याला, दोन भाऊबंद घेऊन. बालवाडीपुढं बरीच बडबड केली. हवालदारानं त्याला चौकीत नेऊन बसवलं आणि डॉक्टरीणबाईंचा दाखला वाचून दाखवला. पुढं फारकत झाली. मी त्याच बालवाडीत कामाला लागले आणि मागची खोली माझ्या ताब्यात आली. मावशी एकेकीला आणून सोडायची. मंडळाच्या बाया सुरुवातीला कुरकुरायच्या, आमचा लोणच्यांचा वर्ग बुडतो म्हणून. मावशी म्हणायची, "लोनचं मुरंल की, तवर हिला भाकर द्या." कधी मी तिच्या उपकारांचा विषय काढला तर भडकायची. "उपकार गेले चुलीत. च्या टाक." शोभा यंदा मॅट्रिकला आहे, हे ती बाजारभर सांगत फिरायची.

मावशीचा चाळिसावा दिवस झाला. पेटी कोपऱ्यात धूळ खात होती. जैबुन म्हणायची, "मला न्हाई जमायचं, ताई. मला त्यांच्यावानी बोलता येत न्हाई." पोर मुळात बुजरी. मी जोर केला नाही.

परवा दुपारी ती पेटी डोक्यावर घेऊन एसटीतून कार्ल्याला जाताना दिसली. संध्याकाळी बालवाडीत आली, पेटी खाली ठेवली आणि पदरानं वारा घेत म्हणाली, "ताई, च्या टाक." मी आधण ठेवलं. ती पेटीचं झाकण उघडून बसली होती. आत दोन-चारच्या बांगड्या, हिरव्या, लाल, गच्च भरलेल्या.

"कार्ल्यात एक पोर हाय," जैबुन म्हणाली. "तिला सांगून आले, तुजं माप माज्यापाशी न्हाई."

मी चहा उतरवला आणि मागच्या खोलीतली सतरंजी झटकायला उठले.